"थोडंसं राहिलंय" म्हणून व्हिडीओ पडून आहेत? नागपूरच्या क्रिएटर मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आता गल्लोगल्ली कोणी ना कोणी व्हिडीओ बनवून राहिलंय. कोणी सावजी मसाल्यावर, कोणी एमपीएससीवर, कोणी ताडोबाच्या सफारीवर, कोणी गुडघेदुखीच्या व्यायामावर. आणि यातल्या कोणालाही भेटलं की एक वाक्य हमखास येतं, "ताई, शूट झालंय, फक्त टाकायचं आहे, थोडंसं राहिलंय." मी यातले बरेच ड्राफ्ट पाहिलेत, लोक फोन पुढे करतात आणि दाखवतात, आणि ते चांगले असतात, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतेय. सगळी वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

शूट करते, एडिट करते, पण टाकवत नाही. मी आळशी आहे का?

नाही. आळशी माणूस सकाळी सहाला उठून फुटाळ्यावर ट्रायपॉड लावत नाही. टाळाटाळीवर काम करणारे दोन मानसशास्त्रज्ञ आहेत, फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल, त्यांनी २०१३ मध्ये हे छान मांडलं की टाळाटाळ हा मुळात वेळेचा प्रॉब्लेम नसून मूड सांभाळायचा प्रकार आहे. म्हणजे होतं काय, अपलोडचं बटण समोर आलं की पोटात गोळा येतो, आपण म्हणतो उद्या बघू, आणि फोन बाजूला ठेवल्याबरोबर बरं वाटतं. ते बरं वाटणं हेच बक्षीस झालं ना, मग मेंदू दुसऱ्या दिवशीही तेच करतो. म्हणून नवीन डायरी आणली, रंगीत टाइमटेबल भिंतीवर चिकटवलं तरी आठवड्याभरात गाडी परत तिथेच येते, कारण पोटातला गोळा तसाच आहे.

त्यामुळे पहिलं काम एकच, टाळायची इच्छा झाली की त्या क्षणी स्वतःला विचारायचं की मला आत्ता नेमकं काय वाटतंय, आणि उत्तर कागदावर एका ओळीत लिहायचं. "कॉलेजचे मित्र हसतील", "माझा आवाज किरटा येतो", "मागच्याला व्ह्यूज आले नव्हते". असं लिहिलं की निदान कळतं तरी आपण कशाशी भांडून राहिलो. कारण तिन्हींवर उपाय वेगळे आहेत आणि रंगीत टाइमटेबल यातल्या एकावरही उपाय नाही.

म्हणजे परफेक्शनिझममुळेच टाळाटाळ होते, बरोबर?

सगळे असंच म्हणतात पण ते सरसकट खरं नाही. पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये टाळाटाळीवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले तेव्हा परफेक्शनिझमचा संबंध अगदी कमी निघाला. जास्त संबंध कशाचा निघाला तर काम नकोसं वाटणं, आपल्याला जमेल असा भरवसा नसणं, समोरच्या मोहाला लगेच बळी पडणं आणि कामाचं फळ फार लांब असणं. आता बघा, यूट्यूबच्या कामात यातल्या किती गोष्टी एकाच वेळी असतात. एडिटिंग कंटाळवाणं, भरवसा डळमळीत, मोह हातातच कारण ज्या फोनवर एडिट करतो त्याच फोनवर रील्स, आणि फळ कधी येईल तर कोणाला ठाऊक.

पण परफेक्शनिझमचा एक प्रकार क्रिएटरला खरंच छळतो. ह्युइट आणि फ्लेट या दोघांनी १९९१ मध्ये तीन प्रकार सांगितले होते, स्वतःकडून परफेक्टची अपेक्षा, दुसऱ्याकडून अपेक्षा, आणि तिसरा म्हणजे "लोकांना माझ्याकडून परफेक्टच हवंय, नाहीतर ते मला मोजणार नाहीत" अशी भीती. हा तिसरा. करन आणि हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातली अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेजच्या मुलांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि सगळ्यात जास्त वाढ या तिसऱ्यात होती. अभ्यास तिकडचा आहे, पण मला जे मेसेज येतात त्यात हाच आवाज ऐकू येतो. स्वतःला उंच काहीतरी करायचं आहे म्हणून अडकलेले लोक कमी, कोण काय म्हणेल म्हणून अडकलेले जास्त.

नातेवाईक आणि कॉलनीतले लोक बघतील याचीच धास्ती आहे. काय करू?

ही धास्ती खरी आहे. नागपूर एवढं पसरलं तरी ओळखी अजून गावासारख्याच आहेत, त्रिमूर्तीनगरच्या मावशीने पाहिलं की संध्याकाळपर्यंत नंदनवनच्या काकूंना माहीत असतं. तेव्हा "लोकांचा विचारच करू नका" असा सल्ला मी देणार नाही, तो कोणालाच जमत नाही.

उलट रस्ताच बदला. फॅमिली ग्रुपवर लिंक टाकू नका, सुरुवातीला तर बिलकुल नको. इन्स्टाग्रामवर वेगळं अकाउंट काढा आणि फोनमधले कॉन्टॅक्ट जोडायची परवानगी बंद ठेवा म्हणजे ओळखीच्यांना आपलं अकाउंट सुचवलं जायची शक्यता कमी होते. स्टोरी कोणाला दिसू नये ते ठरवता येतं. ज्याला पाककृती शोधायची आहे तो काटोलला बसलेला अनोळखी माणूस तुमचा प्रेक्षक आहे, त्याच्यासाठी बनवा. घरच्यांना सांगायचं तेव्हा सांगा, ते गुपित ठेवणं म्हणजे खोटेपणा नाहीये, कामाला मुळं धरू द्यायची एवढंच.

मग क्वालिटी सोडून द्यायची का? कसंही टाकायचं का?

अजिबात नाही, आणि "डन इज बेटर दॅन परफेक्ट", म्हणजे परफेक्टपेक्षा झालेलं बरं, वगैरे जे सगळीकडे सांगतात ते मला अर्धवट वाटतं. चांगलं करायची ओढ असणं ही तुमची ताकद आहे. फक्त ती ओढ कुठे खर्च करायची ते ठरवा. मी एकच चाळणी लावते, टाकल्यानंतर दुरुस्त होतं की नाही होत.

यूट्यूबवर टायटल नंतर बदलता येतं, थंबनेल बदलता येतं, डिस्क्रिप्शन, सबटायटल सगळं बदलता येतं. मधला तुकडा कापायचा असेल, कोणाचा चेहरा किंवा गाडीचा नंबर धूसर करायचा असेल तर तेही यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये नंतर होतं. एक शब्द चुकीचा बोललात तर पिन केलेल्या कमेंटमध्ये दुरुस्ती लिहिता येते. होत नाही ते एवढंच की त्याच लिंकवर व्हिडीओची फाइल बदलून नवीन चढवता येत नाही. इन्स्टाग्रामवरही कॅप्शन नंतर सुधारता येतं.

आता जे दुरुस्त होत नाही किंवा सहजासहजी होत नाही ते बघा. औषध, पैसा, कायदा यावर चुकीची माहिती दिली आणि कोणी तिच्यावर विसंबून काही केलं तर ते मागे घेता येत नाही. इतवारीतल्या दुकानात गेलात आणि काम करणाऱ्या पोराचा चेहरा न विचारता दाखवला तर नंतर धूसर केला तरी तो दिसून गेला. दुसऱ्याचं गाणं परवानगीशिवाय लावलं तर कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो. आणि आवाज, मूळ रेकॉर्डिंगच फाटका असेल तर नंतर फार काही करता येत नाही. जीव ओतायचा तर या चार ठिकाणी ओता, हवे तेवढे तास घ्या, इथे तुमची काटेकोर सवय सोन्याची आहे. फॉन्ट, ट्रांझिशन, रंगाची छटा, सुरुवातीचं फिरणारं नाव या गोष्टींना एक ठरलेला साचा करून टाका आणि पुन्हा त्याकडे बघू नका.

महालातल्या एका मुलीचं सांगते. तिने पिवळ्या मारबतीची, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक शूट केली होती, आणि काय शूट केलं होतं! बडग्यांच्या पुतळ्यांची गर्दी, गच्चीवरून वाकून बघणाऱ्या बाया, आणि त्या सगळ्यावर "घेऊन जा गे मारबत" ची आरोळी, इतकी जवळून की ऐकताना अंगावर काटा येतो. आवाज स्वच्छ, फ्रेम सरळ, माहिती तिच्या आजीने सांगितलेली. राहिलं होतं काय तर सुरुवातीच्या नावाची अक्षरं, ती तिला मनासारखी चमकत नव्हती. मारबत तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, त्यानंतर तीनेक दिवसांत गणपती बसतात, आणि एकदा गणपती बसले की शहरात मारबतीचं नाव कोणी काढत नाही. व्हिडीओ अजून तिच्या हार्ड डिस्कवर आहे. मी तिला सांगितलंय की पुढच्या पोळ्याच्या आधी तोच टाक, अक्षरं साधी पांढरी ठेव, ती आरोळी ऐकायला लोक येतील.

उन्हाळ्यात कूलरच्या आवाजामुळे रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून दोन महिने बंदच असतं. हे तर कारण खरं आहे ना?

कारण खरं आहे, नवतपात ४५ च्या वर पारा असताना कूलर आणि पंखा बंद करून बसा असं कोण म्हणेल. पण दोन महिने बंद ठेवायची गरज नाही.

आवाज आणि चित्र वेगळं करा, इतकं सोपं आहे. चित्र कधीही घ्या, कूलर चालू राहू द्या. बोलायचं ते पहाटे पाच-साडेपाचला रेकॉर्ड करा, तेव्हा खोली बरी असते आणि रस्त्यावर हॉर्नही नसतात. खोली घुमत असेल तर कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसा, रजया-गोधड्या आवाज पिऊन घेतात. घरासमोर उभी असलेली कार, काचा बंद करून, पहाटेच्या वेळी फार छान स्टुडिओ होते. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला काही सेकंद न बोलता नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड होऊ द्या. ऑडेसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात तो शांत तुकडा नमुना म्हणून दाखवला की मागची एकसारखी घरघर बऱ्यापैकी कमी होते. एकसारखी म्हटलं, कारण कूलर-पंख्याचा आवाज निघतो, कुकरची शिट्टी तशी निघत नाही. शिट्टी आली तर राहू द्या, घरात कुकर वाजतो हे सगळ्यांना माहीत आहे.

चांगला कॅमेरा घेतल्यावर सुरू करावं म्हणतो.

फोनने सुरू करा. यूट्यूबवरचा सगळ्यात पहिला व्हिडीओ २३ एप्रिल २००५ चा आहे, कंपनीच्या संस्थापकांपैकी एक जावेद करीम सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून बोलतात, १९ सेकंद, बस. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी कॉलरला लावायचा साधा माइक घ्या, कॅमेऱ्याचं नंतर बघू. शूट फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने, तोंड खिडकीकडे.

रिसर्च करत बसतो आणि रिसर्चच संपत नाही.

रिसर्च ही टाळाटाळीची सगळ्यात सभ्य जागा आहे, कारण त्यात आपण काम करतोय असं मनापासून वाटतं आणि घरच्यांनाही तसंच दिसतं. उपाय असा की वाचायला बसायच्या आधी प्रश्न लिहायचे, तीन, फार तर चार, आणि त्यांची उत्तरं मिळाली की पुस्तक-टॅब सगळं बंद.

समजा नागपुरी संत्र्यावर व्हिडीओ करायचा आहे. प्रश्न काय असतील, बाजारात आत्ता दिसतो तो संत्रा कोणत्या बहाराचा, दोन बहारांच्या चवीत फरक काय, जीआय टॅग कधी मिळाला. उत्तरं, हिवाळ्याच्या तोंडाशी येतो तो अंबिया बहार आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतो तो मृग बहार, चवीचा फरक कळमन्याच्या मार्केटात दोन शेतकऱ्यांना विचारून त्यांच्याच तोंडून घ्यायचा, आणि जीआय टॅग २०१४ चा. झालं. संत्रा भारतात कुठून आला, जगात कुठे कुठे पिकतो, इंग्रजांच्या काळात काय होतं, हे सगळं वाचायला मजा येते हे मलाही कळतं, पण तो दुसरा व्हिडीओ आहे. त्याची एक वेगळी वही करा आणि तिथे लिहून ठेवा, म्हणजे सोडून दिल्यासारखं वाटत नाही.

स्क्रिप्टची पहिली ओळच मनासारखी होत नाही, तिथेच अडकते.

लिहू नका, बोला. ज्या मैत्रिणीला हा विषय सांगितला असता तिला व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज पाठवतोय असं समजून बोला, पाठवायचा नाही, फक्त रेकॉर्ड करायचा. मग ऐकत ऐकत मुद्दे उतरवा. आणि पहिली ओळ सगळ्यात शेवटी लिहा, कारण आपण काय सांगितलं हे कळल्याशिवाय सुरुवात कशाची करायची हे कळणार तरी कसं. लिहिणं आणि सुधारणं एका बैठकीत करायचं नाही, रात्री लिहिलं तर सकाळी सुधारा.

माझी बोली नागपुरी आहे. "करून राहिलो", "काहून" असं येतं. पुण्यासारखं शुद्ध बोलायला शिकल्यावर सुरू करू का?

नको, प्लीज नको. हा प्रश्न ऐकला की मला खरंच त्रास होतो, कारण विचारणारे पोट्टे-पोट्टी इतके छान बोलतात आणि कॅमेरा चालू झाला की बातम्या वाचल्यासारखे आखडतात. एक वाक्य दहा वेळा घेतात आणि दहाव्या वेळी त्यातला जीव गेलेला असतो. वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा माणूस गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत पसरलेला आहे आणि त्याला आपल्यासारखं बोलणारं कोणी स्क्रीनवर दिसलं की तो थांबतो, हे तुम्हीही प्रेक्षक म्हणून अनुभवलं असेल. बोलताना स्पष्ट बोला, शब्द गिळू नका, घाई करू नका, एवढी तयारी पुरे. अवघड वाटेल तिथे सबटायटल टाका. "काहून" बदलून "का" करायची काही गरज नाही.

एक व्हिडीओ दोन दिवसांत होईल असं वाटतं आणि दोन आठवडे जातात. असं का होतं?

सगळ्यांचंच होतं. १९९४ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांचा. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं प्रबंध किती दिवसांत संपेल, सरासरी अंदाज आला ३४ दिवसांचा. प्रत्यक्षात लागले ५५ पेक्षा थोडे जास्त. गंमत म्हणजे सगळं बिनसलं तर किती लागतील असंही विचारलं होतं, त्याचंही उत्तर ४९ च्या आसपास आलं होतं, म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमीच पडला.

म्हणून मनाने अंदाज करू नका, मागचा व्हिडीओ किती दिवसांत झाला होता ते बघा आणि पुढच्याला तेवढेच धरा. आणि तारखा तोडून द्या. एरिअली आणि वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये लोकांना प्रूफरीडिंगचं काम देऊन पाहिलं, काहींना ठरावीक अंतराच्या तारखा दिल्या, काहींना स्वतः तारखा ठरवायला सांगितल्या आणि काहींना फक्त शेवटची एक तारीख. सगळ्यात चांगलं काम ठरावीक तारखावाल्यांचं, मग स्वतः ठरवणाऱ्यांचं, आणि शेवटी एकच तारीख असलेल्यांचं. तेव्हा "महिनाअखेरपर्यंत टाकेन" याला अर्थ नाही. बुधवारी मुद्दे, शनिवारी शूट, मंगळवारी कापणं, गुरुवारी अपलोड, आणि या तारखा दुसऱ्या कोणाला तरी माहीत पाहिजेत. आपल्याकडे तर कॅलेंडरच मदतीला आहे, पोळा, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, डिसेंबरचं अधिवेशन, यातलं काहीही तुमच्या एडिटिंगसाठी थांबत नाही, त्याला विषय बांधून घ्या.

एडिटिंग कधी थांबवायचं ते कळत नाही.

एकदा हेडफोन लावून फक्त ऐका, चित्र न बघता. मग एकदा आवाज बंद करून फक्त बघा. पहिल्यात जे खटकलं आणि दुसऱ्यात जे खटकलं ते दुरुस्त करा आणि एक्स्पोर्ट मारा. तिसऱ्यांदा बघायला लागलात की खटकणाऱ्या गोष्टी संपत नाहीत, कारण तोवर आपण व्हिडीओ बघत नसतो, स्वतःकडे बघत असतो, आपलं नाक, आपली मान, आपला "म्हणजे".

एक्स्पोर्ट झाल्यावर लगेच पब्लिक करवत नसेल तर वेळ लावून शेड्यूल करा, उद्या सकाळी नऊ, आणि फोन घरी ठेवून अंबाझरीला फिरायला जा. बटण दाबायचा तो क्षणच नको असेल तर तो यूट्यूबवर सोपवता येतो, मला ही सोय फार आवडते.

बसायचंच होत नाही. सुरुवात कशी करू?

"वेळ मिळाला की करेन" याऐवजी "अमुक झालं की तमुक करेन" असं बांधा. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलं होतं, वेळ आणि जागा आधी ठरवून टाकली की काम होण्याची शक्यता चांगलीच वाढते. "रात्री जेवणाची भांडी आवरली की ओट्यापाशीच उभी राहून इनशॉट हे एडिटिंगचं अ‍ॅप उघडेन आणि पहिला तुकडा कापेन." एवढं बारीक ठरवायचं. पंचवीस मिनिटांचा टायमर लावून काम करायची पद्धतही चालते, पण पंचवीस जास्त वाटली तर दहा लावा. पहिली काही मिनिटं जड असतात.

तीन महिने काहीच टाकलं नाही. आता परत येताना लाज वाटते.

"सॉरी मित्रांनो, मी गायब होतो" असा व्हिडीओ बनवू नका, सरळ पुढचा विषय घ्या. आणि स्वतःला मनात शिव्या देणं थांबवा, ही नुसती गोड बोलायची गोष्ट नाहीये. कॅनडाच्या कार्लटन विद्यापीठातला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांवर. पहिल्या परीक्षेच्या आधी टाळाटाळ झाली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी टाळाटाळ केली. ज्या कामाच्या आठवणीला अपराधीपणा चिकटलेला असतो त्या कामाकडे मन परत फिरकत नाही, साधी गोष्ट आहे. गॅप पडला, बारावीचं वर्ष होतं, लग्नसराई होती, आजारपण होतं, काहीही असो. पडला. पुढचा व्हिडीओ लहान घ्या, एका मिनिटाचा चालेल.

व्ह्यूज येत नाहीत, घरचे विचारतात यातून मिळतं काय. उत्साहच जातो.

घरच्यांना खरे आकडे सांगा, त्यांनाही बरं वाटतं. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास पब्लिक वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यूज. २०२३ पासून त्याच्या खालची एक पायरी आहे, ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ अपलोड आणि ३००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज, यात जाहिरातीचे पैसे नाहीत पण मेंबरशिप, सुपर थँक्स अशा गोष्टी उघडतात. आता ती "९० दिवसांत ३ अपलोड" ची अट पुन्हा वाचा. महिन्याला एक! एवढं कोणालाही जमण्यासारखं आहे, आणि सुरुवातीचं ध्येय म्हणून मी हेच सगळ्यांना सांगते, कारण सबस्क्रायबर आपल्या हातात नाहीत पण महिन्याला एक अपलोड आहे.

फक्त या पैशांवर घर चालेल असं गृहीत धरून नोकरी सोडू नका. हिंगण्याची किंवा मिहानची नोकरी करून शनिवार-रविवार शूट करणारे उलट निवांतपणे चांगलं काम करतात, प्रत्येक व्हिडीओवर भाड्याचं ओझं नसतं.

जुने व्हिडीओ बघून लाज वाटते, डिलीट करू का?

नका करू. डिलीट, प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड केलेल्या व्हिडीओचे तास त्या ४००० मध्ये धरले जात नाहीत, हे एक. आणि दुसरं, कोणीतरी नवीन मुलगी तुमचा पहिला व्हिडीओ बघेल आणि म्हणेल, हिनेपण असंच सुरू केलं होतं. माहिती चुकीची असेल तरच काढा.

रोज टाकावं लागतं का?

नाही.

वाईट कमेंट आली तर?

चूक दाखवली असेल तर आभार माना आणि पिन करा. नुसती घाण असेल तर डिलीट करा, उत्तर देऊ नका. काही शब्द ब्लॉक करून ठेवता येतात, स्टुडिओच्या सेटिंगमध्ये यादी टाकायची, त्यात मराठी शब्दपण टाका आणि तेच शब्द लोक इंग्रजी अक्षरांत कसे लिहितात तेही टाका.

हे सगळं करूनही होत नाही. फक्त व्हिडीओच नाही, बिल भरणं, फोन उचलणं, आंघोळसुद्धा टाळली जाते.

मग हा कंटेंटचा प्रश्न राहिला नाही, आणि स्वतःला अजून ढकलू नका. सगळीकडेच असं होत असेल, झोप बिघडली असेल, आवडायच्या त्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील तर डिप्रेशन असू शकतं, लहानपणापासून लक्ष टिकत नसेल तर एडीएचडी असू शकतो, आणि ते ठरवायचं काम डॉक्टरांचं, रील बघून ठरत नाही. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, कधीही लावा, मराठीत बोलतात. आपल्याकडे मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. जायला संकोच वाटत असेल तर कोणाला तरी सोबत घ्या.

एकटीने होत नाही. दोघी-तिघी मिळून काही करता येईल का?

हो, आणि मला विचाराल तर सगळ्यात लवकर फरक यानेच पडतो. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, सकाळी, नाश्त्याला कोपऱ्यावरून तर्री पोहे मागवायचे, आणि त्यानंतर दोन तास प्रत्येकीने आपापल्या लॅपटॉपवर काम करायचं, गप्पा नाहीत. विषय वेगवेगळे असले तरी चालतात, एक भरतकामावर करते, दुसरी यूपीएससीवर, काही बिघडत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात ड्राफ्टची अदलाबदल करायची. मैत्रिणीने दोनच प्रश्नांची उत्तरं द्यायची, कुठे कंटाळा आला आणि कुठे समजलं नाही. "अजून चांगलं होऊ शकतं" असं म्हणायचं नाही, कारण ते नेहमीच होऊ शकतं आणि त्यातून करायचं काय ते कळत नाही. मग जिचा व्हिडीओ तयार असेल तिने तिथेच, सगळ्यांसमोर अपलोड करायचा. ज्यांना खूपच धाकधूक होते त्या फोन मैत्रिणीच्या हातात देतात आणि बटण तिला दाबायला सांगतात, तेही चालतं.